वाचनगट: पुस्तक ठरवण्यातच अर्धी बैठक जाते, काय करावं?

दुमडलेलं पान

वसाहतीतला वाचनगट आहे. यादीत नावं चौदा, बैठकीला येणारे आठ-नऊ, पुस्तक पुरं वाचून येणारे चार-पाच. महिन्यातून एकदा दोन तास भेटतो.

अडचणी अशा. पुढचं पुस्तक ठरवण्यात पाऊण तास जातो. हात वर करून मतं घेतो, तरी ज्यांचं पुस्तक पडतं ते पुढच्या वेळी उगवत नाहीत. चर्चा "आवडलं", "नाही आवडलं", "भाषा ओघवती आहे" एवढ्यावर अर्ध्या तासात आटपते आणि मग नुसत्या गप्पा. त्यातही दोघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. शिवाय न वाचता येणाऱ्यांना येऊ द्यावं का, यावरून दोन तट पडलेत.

ज्यांनी गट चालवलाय त्यांनी नेमकं काय करायचं ते सांगा. "वाचनाची गोडी लागली पाहिजे" छापाचं काही नको.

---

समास

निवडीपासून सुरुवात करा, बाकीचं बरंचसं तिथूनच येतं.

पहिली गोष्ट, निवड बैठकीत करूच नका. समोरासमोर निवड झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचं पुस्तक येतं, आणि ज्याचं पडलं त्याला ते सगळ्यांदेखत पडलेलं दिसतं. वर्षातून तीनदा, एका वेळी चार महिन्यांची चार पुस्तकं ठरवा आणि हे सगळं बैठकीबाहेर, लेखी करा.

प्रत्येकाने एकच पुस्तक सुचवायचं. सोबत पाच ओळी: नाव आणि लेखक, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव, पानं किती, प्रती कुठून आणि किती मिळतील, आणि शेवटची ओळ "यावर मतभेद कशावरून होतील". सुचवणाऱ्याने पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे. परीक्षण वाचून किंवा कुणी तरी वाखाणलं म्हणून सुचवलेली निम्मी नावं या एका अटीने गळतात. पाचवी ओळ लिहिता येत नसेल तर पुस्तक कितीही आवडतं असो, गटासाठी नाही.

आता मतदान. एका माणसाला एकच मत दिलं की काय होतं बघा. नऊ माणसं, सात पुस्तकं. मतं ३, २, १, १, १, १, ० अशी फुटतात. तीन मतांचं पुस्तक जिंकतं, म्हणजे सहा जणांनी न मागितलेलं पुस्तक नऊ जणांच्या गळ्यात. पुढच्या बैठकीला चारच जण वाचून येतात यात नवल काय? त्याऐवजी प्रत्येकाला पूर्ण यादी द्या आणि जी जी पुस्तकं वाचायची तयारी आहे त्या सगळ्यांपुढे खूण करायला सांगा. दोन करा, सहा करा. सर्वाधिक खुणा मिळालेली घ्या. बरोबरी झाली तर कमी पानांचं.

या पद्धतीचा एक तोटा आहे, तो आधीच सांगतो. सगळ्यांना चालेल असं पुस्तक बहुधा कुणालाच बोचत नाही. पाच-सहा महिने असेच गेले की यादी मिळमिळीत होते. म्हणून चारातली तीन पुस्तकं खुणांनी ठरवा आणि चौथं पाळीचं ठेवा: यादीच्या क्रमाने ज्याची पाळी त्याचं पुस्तक, मतदान नाही, नाही म्हणायचा हक्क कुणालाच नाही. अट दोनच, पानांची मर्यादा आणि प्रतींची सोय. ज्यांचं पुस्तक नेहमी पडतं ते पाळी येणार हे ठाऊक असल्यामुळे टिकून राहतात. पडलेलं पुस्तक आणखी एका फेरीसाठी यादीत राहू द्या, दुसऱ्यांदा पडलं की वर्षभर बाजूला.

पानांचं गणित: रोज अर्धा तास वाचणारा माणूस साधारण १५ ते २० पानं वाचतो. कागदावर २८ दिवसांत ४२० पानं होतात, पण निम्मे लोक दुसऱ्या आठवड्याअखेर सुरुवात करतात. त्यामुळे महिन्याला २५० ते ३०० पानं ही खरी मर्यादा. ४०० च्या पुढचं पुस्तक दोन बैठकांत तोडा, आणि कुठे तोडायचं ते पानावर नाही, प्रकरणावर ठरवा.

प्रतींचं आधी बघायचं कारण असं की एक प्रत तिघांत फिरवायची ठरली तर तिसऱ्याच्या हाती ती बैठकीआधी चार दिवस पडते आणि मग तो न वाचलेल्यांच्या यादीत. प्रती कमी असलेलं पुस्तक चौकडीतलं चौथं लावा, तीन महिने फिरायला मिळतात. एकदम चार ठरवण्याचा खरा फायदा हाच.

---

खूणपट्टी

समास यांची पद्धत चोख आहे. पण तुमची चर्चा अर्ध्या तासात का आटपते याचं उत्तर मतदानात पुरतं सापडणार नाही. चांगलं पुस्तक आणि चर्चेला चांगलं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही उत्तम पुस्तकं वाचून झाल्यावर माणूस गप्प होतो, त्यात पुस्तकाचा दोष नाही, पण नऊ माणसांनी मिळून गप्प बसायला भेटायचं कशाला?

पारख अशी करा. पुस्तकातल्या माणसाने असा काही निर्णय घेतलाय का, ज्यावर दोन शहाणे वाचक भांडू शकतील? सांगणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवता येतो का? शेवट एकाहून जास्त प्रकारे वाचता येतो का? तिन्हींची उत्तरं "नाही" असतील तर पुस्तक घरी वाचा.

उदाहरण द्यायचं तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). आकाराने लहान, त्यामुळे न वाचल्याची सबब उरत नाही. बोटीवरचे मोजके दिवस, नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी आणि मायदेशी परतणारा मराठी तरुण. तो तिच्याशी वागला ते प्रेम की पळपुटेपणा, एवढ्या एका प्रश्नावर तासभर निघतो. याउलट माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). कथानकासाठी वाचणारे म्हणतात "यात घडतं काय?" आणि विषय संपतो. तिथे पद्धत बदलावी लागते: वाडीतलं एकेक माणूस एकेका सदस्याला वाटून द्या, आणि त्या माणसाच्या बाजूने मास्तर कसा दिसतो ते मांडायला सांगा. 'कोसला' (१९६३) घेतलीत तर गट दुभंगणार हे धरूनच चाला. ज्यांनी मध्येच सोडली त्यांनी कुठल्या प्रसंगापाशी सोडली ते लिहून आणायचं. पुरी वाचणाऱ्यांच्या कौतुकापेक्षा त्या चिठ्ठ्यांवर जास्त बोलणं होतं.

प्रकारांबद्दल:

कथासंग्रह पूर्ण कधी नेमू नका. बारा कथांवर बोलायला बसलं की प्रत्येक कथेला सात-आठ मिनिटं येतात आणि सगळं वरवरचं होतं. दोन कथा सगळ्यांनी, तिसरी ज्याच्या त्याच्या आवडीची.

कवितेला घरचं वाचन नको. चार-पाच कविता एका कागदावर घ्या. प्रत्येक कविता दोनदा, दोन वेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचायची, मग बोलायचं. दुसऱ्या वाचनात ज्या शब्दावर जोर बदलतो तिथून चर्चा सुरू होते.

नाटकाचा एक अंक भूमिका वाटून वाचा. भूमिका आठवडाभर आधी द्या, नाहीतर अडखळण्यातच वेळ जातो. अभिनयाची हौस असलेल्याला लहान भूमिका द्यावी, का ते बैठकीत कळेल.

ऐतिहासिक कादंबरीत दरवेळी एकच होतं, "पण हे खरंच असं घडलं का?" यात सगळा वेळ बुडतो. उपाय म्हणजे एकाने आधीच कागदपत्रांतून काय कळतं आणि लेखकाने काय कल्पिलं याची दोन पानं काढून आणायची. पहिली दहा मिनिटं ती, नंतर तो मुद्दा बंद. मग "लेखकाने ही जागा कल्पनेने का भरली असावी" या प्रश्नाकडे वळता येतं, आणि तो प्रश्न कितीतरी सुपीक आहे.

रहस्यकथेत गुन्हेगार कोण यावर बोलण्यासारखं काही नसतं. कुठल्या प्रकरणात तुम्हाला संशय आला आणि लेखकाने तो कसा उडवून लावला, हे विचारा. यशस्वी कसं व्हावं सांगणारी पुस्तकं मात्र नकोच, बैठकीचं सल्लाकेंद्र होतं.

अनुवादाचं एक पथ्य. गाजलेल्या परदेशी कादंबऱ्यांचे एकाहून जास्त मराठी अनुवाद असतात. त्यांतले काही संक्षिप्त असतात, काही रूपांतरं असतात, आणि मुखपृष्ठावर ते नेहमी स्पष्ट लिहिलेलं नसतं. पानांचा आकडा मूळ पुस्तकाच्या निम्म्याहून कमी दिसला की शंका घ्या. तीन जणांनी पूर्ण आणि तिघांनी संक्षिप्त वाचलं तर एकाच नावाच्या दोन पुस्तकांवर वाद होतो आणि ते कळायलाच अर्धा तास जातो. एकाच अनुवादाची वेगवेगळी आवृत्ती असली तरी पानं जुळत नाहीत, म्हणून संदर्भ देताना प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द सांगायची सवय लावा.

---

पूर्णविराम

निवडीवर वर पुष्कळ आलंय. मी फक्त बैठकीचं लिहितो.

दोन तास जास्त होतात. दीड तास ठेवा आणि घड्याळ लावून उठा. नऊपेक्षा जास्त माणसं आली तर पहिली चाळीस मिनिटं दोन गोल करा, नंतर एकत्र या. बारा माणसांच्या गोलात प्रत्येकाच्या वाट्याला तासात पाचच मिनिटं येतात, आणि प्रत्यक्षात ती तिघंच वापरतात.

सुरुवातीला, कुणी तोंड उघडण्याआधी, प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी गुण आणि एक वाक्य लिहायचं. चिठ्ठी घडी करून सूत्रधाराकडे. पहिला बोलणारा जाणता असेल तर बाकीचे नकळत त्याच्यामागे जातात. आधी लिहिलेलं असलं की माघार घेता येत नाही. मग सूत्रधार सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्यांना आधी बोलायला सांगतो. सगळ्यांनी सात-आठ दिले असतील तर ते पुस्तक पुन्हा सुचवणाऱ्याला खूणपट्टी यांचे तीन प्रश्न दाखवा!

नंतरची फेरी: प्रत्येकी दीड मिनिट, मध्ये कुणी बोलायचं नाही. प्रश्न "आवडलं का" हा नाही. "कुठल्या जागी थांबून परत मागे गेलात?" किंवा "कुठलं पान गाळलं असतं तरी चाललं असतं?" असं काही, ज्याचं उत्तर देताना पुस्तक उघडावं लागतं. नऊ माणसांची फेरी पंधरा मिनिटांत होते आणि सगळ्यांचा आवाज एकदा तरी फुटतो. जो पहिल्या वीस मिनिटांत बोलत नाही तो बहुतेक वेळा शेवटपर्यंत बोलत नाही, म्हणून ही फेरी टाळू नका.

मधला पाऊण तास मोकळ्या चर्चेचा. त्यासाठी सूत्रधाराने सहा प्रश्न लिहून आणायचे, त्यातले तीन वापरले जातील असं समजून. प्रश्न पुस्तकातल्या ठरावीक जागेला बांधलेला हवा. "स्त्रियांचं चित्रण कसं वाटलं?" यावर भाषण येतं. "नवव्या प्रकरणात ती पत्र न वाचता का जाळते?" यावर उत्तर येतं, आणि त्याला दुसरं उत्तर येतं. लेखकाचं चरित्र, पुरस्कार, त्यावर निघालेला चित्रपट, हे सगळं शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी काढलंत तर लोक पुस्तकाऐवजी माणसाबद्दल बोलू लागतात, ते सोपं असतं ना.

दोघं बोलकी माणसं: त्यांना सूत्रधाराच्या समोर बसवू नका. समोर बसलं की सारखी नजरानजर होते आणि प्रत्येक नजर त्यांना आमंत्रण वाटते. सूत्रधाराच्या डाव्या-उजव्या हाताला बसवा. तेवढ्याने भागलं नाही तर एकाला टिपणं काढायचं काम द्या, हात गुंतला की तोंड आवरतं. आणि त्यांचं वाक्य संपताक्षणी "याच्या विरुद्ध कुणाला वाटतं?" हे विचारा. "आणखी कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं तर तेच पुन्हा बोलतात.

सूत्रधार दर महिन्याला बदला, पण पुस्तक सुचवणाऱ्यालाच करू नका. तो वकिली करतो.

बसायची जागा गोलात. ज्याच्या घरी बैठक आहे त्याने खाण्यापिण्याचा घाट घालायचा नाही असा नियम पहिल्याच महिन्यात करा. नाहीतर यजमानांची चढाओढ लागते आणि लहान घरवाले बोलावणं टाळू लागतात.

---

उभा दंड

बाकी सगळं मान्य. न वाचणाऱ्यांचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. माझं मत कडक आहे: निम्मं पुस्तकही वाचलं नसेल तर त्या महिन्यात यायचं नाही. कारण साधं आहे. नऊपैकी चार न वाचलेले असले की वाचलेले पाच जण त्यांना कथा सांगत बसतात. शेवट सांगायचा की नाही यावर अडखळतात. आणि पुढच्या महिन्यात त्या पाचातले दोघं म्हणतात, न वाचताही चालतंय की.

---

समास

उभा दंड, रोगाचं निदान बरोबर, औषध जालीम. घरी आजारपण, परीक्षा, कामाचा डोंगर, असा महिना प्रत्येकाचा येतो. त्या महिन्यात दार बंद केलं की पुढच्या महिन्यात यायचा संकोच वाटतो, आणि सलग दोन बैठका चुकलेला माणूस बहुतेकदा परतत नाही. नियम माणसाऐवजी बोलण्याला लावा:

न वाचलेला येऊ शकतो. कथा कुणी सांगणार नाही, शेवट लपवणार नाही. पहिल्या फेरीत त्याने आपण कुठवर पोचलो आणि तिथेच का थांबलो एवढंच सांगायचं. पुस्तकाच्या बऱ्यावाईटावर मत द्यायचं नाही, गुणांची चिठ्ठी टाकायची नाही.

यातलं "का थांबलो" हे पुष्कळदा कामाचं निघतं. तिघं एकाच प्रकरणापाशी अडकले असतील तर तो चर्चेचा प्रश्न आहे. सलग तीन महिने न वाचता येणारा असेल तर त्याला चारचौघांत काही बोलू नका. पुस्तकं लांब पडतात, अक्षर बारीक आहे की विषय नकोसे आहेत, ते बाजूला विचारा. बारीक अक्षर ही अडचण लोक आपणहून सांगत नाहीत. ध्वनिपुस्तक ऐकलेलं वाचलेलंच धरायचं. फक्त ते संक्षिप्त नाही ना, ते बघून घ्यावं.

---

उभा दंड

"मत द्यायचं नाही" हे पाळलं जात असेल तर माझी हरकत नाही. पाळलं जात नाही हा अनुभव. बघा करून.

---

दुमडलेलं पान

सर्वांचे आभार, चिठ्ठीची कल्पना या महिन्यापासूनच. दोन उपप्रश्न. बाहेरगावी गेलेले दोघं फोनवरून सामील व्हायचं म्हणतात, जमतं का? आणि पुस्तक मिळत नसेल तेव्हा कुणीतरी सगळ्या पानांचे फोटो काढून गटावर टाकतं, त्याचं काय करायचं?

---

पूर्णविराम

फोनचं: सात जण खोलीत आणि दोघं मधोमध ठेवलेल्या फोनवर, हे सगळ्यांत वाईट. खोलीतली दोन माणसं एकदम बोलली की पलीकडे नुसता गलका ऐकू जातो, आणि फोनवरचे बोलायला लागेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शक्यतो ती बैठक सगळ्यांनीच आपापल्या घरून करा, किंवा कुणीच नको. अगदीच करायचं तर खोलीतल्या एका माणसाला फक्त फोनवरच्यांची जबाबदारी द्या: त्यांचा हात वर झाला की तो त्यांच्या वतीने चर्चा थांबवेल. पहिल्या फेरीत त्यांचा नंबर पहिला लावा. पडद्यावरची बैठक तासाभराच्या वर ओढू नका.

---

खूणपट्टी

फोटोंचं: अख्ख्या पुस्तकाच्या प्रती अशा वाटणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग, गट खासगी असला तरी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. उदाहरणार्थ साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून मुक्त झाली. अनुवादाचं मात्र वेगळं मोजायचं. मूळ लेखक जाऊन शंभर वर्षं झाली असली तरी अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या हयातीवर ठरतो. हे विसरल्यामुळेच जुन्या परदेशी कादंबऱ्यांचे नवे अनुवाद बिनदिक्कत फिरवले जातात.

प्रती मिळत नसतील तर पुस्तक बदला, आणि म्हणून चौकडीसोबत एक राखीव पुस्तक ठरवून ठेवा: दीडशे पानांच्या आतलं, सहज मिळणारं. बैठकीच्या २१ दिवस आधी गटावर एकच प्रश्न टाकायचा, "प्रत हातात आहे का, हो किंवा नाही". निम्म्याहून जास्त "नाही" आले की त्याच दिवशी राखीव पुस्तक लागू. त्यानंतर निरोप दोनच, दहा दिवस आधी आणि दोन दिवस आधी, दोन्हींत तारीख, वेळ, जागा, सूत्रधाराचं नाव आणि कुठल्या प्रकरणापर्यंत वाचायचं ते. शुभेच्छा आणि पुढे ढकललेले संदेश यांसाठी वेगळा गट काढा, नाहीतर हे दोन निरोप त्याखाली गाडले जातात.